डब्याला लागलेलं अक्काचं वळण

तीर्थरूप अक्का हिच्या चरणी ठोंब्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे, आणि एकदा खाली गेलो की उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा उभ्याउभ्या घातलेला हा नमस्कार साष्टांग समजून घ्यावा.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या उजव्या गुडघ्याचं कसं आहे? डाव्याचं मुद्दाम विचारत नाही, कारण उजव्याबद्दल सांगायला लागलीस की डाव्याचं ओघानं येतंच. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेतेस ना? शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तुझ्या कुंड्यांना पाणी घालताना पाइप पुन्हा खिडकीतून आत सोडत नाहीत ना? हे सगळं मी फोनवरही विचारू शकलो असतो. किंबहुना गेल्या चार महिन्यांत अकरा वेळा विचारलं. पण प्रत्येक वेळी तू ‘बरं आहे’ एवढंच म्हणून फोन ठेवलास. उभ्या आयुष्यात तू मला कधी दोन शब्दांत सोडलेलं नाहीस, म्हणून काळजी वाटते.

तू बोलत का नाहीस, हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्याचा आव तुझ्यासमोर आणण्यात अर्थ नाही. तू आमच्याकडे दोन महिने राहायला आलीस. पहिल्या आठवड्यात तू स्वयंपाकघर लावलंस, दुसऱ्यात औषधांचा खण, तिसऱ्यात माझं टेबल. मग त्या बुधवारी ऑफिसची बस निघायला चार मिनिटं उरलेली असताना माझा चष्मा सापडेना, कारण तो तू ‘जागेवर’ ठेवला होतास. (जागा चांगली होती, हे आता कबूल करतो. चष्मा अजून तिथेच ठेवतो.) तेव्हा मी बायकोसमोर आणि मुलीसमोर म्हणालो, “अक्का, तू नव्हतीस तेव्हाही हे घर चालत होतं.” तू चष्मा आणून हातात दिलास, आणि शुक्रवारी सकाळी बॅग भरून गेलीस. जाताना घरभर चौतीस चिठ्ठ्या चिकटवून गेलीस, त्यातली एकही रागाची नव्हती, सगळ्या घर नीट चालावं म्हणून होत्या, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं. पण ते असो. त्या बुधवारच्या विषयावर मी हे पत्र लिहीत नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. काम काय ते शेवटी येईल. तोवर पाय वर घेऊन बस आणि पाठीला उशी घे.

माझी नोकरी नक्की काय आहे हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं की तू ‘बसून करायची आहे ना, मग झालं’ म्हणून विषय संपवायचीस. तर ऐक. छापखाना बंद पडला आणि एकतीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सुधारून झाल्यावर मी घरी बसलो, तेव्हा तुझ्या भाचीनं कुठूनशी एक जाहिरात शोधून काढली. एका कंपनीला मराठी जाणणारा माणूस हवा होता. कंपनी काय करते, तर घरात ठेवायचा एक बोलता डबा बनवते. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, वर चार भोकं. त्याच्याशी बोलायचं, म्हणजे तो दिवे लावतो, पंखा कमी करतो, गाणी लावतो, उठवतो, कुणाला फोन लावायचा तर लावतो. कंपनीनं त्याचं नाव मोठं झोकदार ठेवलं आहे, ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात राहत नाही. सगळे डबाच म्हणतात. त्याचा आवाज एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा आहे, गोड आहे, आणि ती मुलगी स्वतः अतिशय कमी बोलते.

ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. तिथे एक खोटं घर आहे. म्हणजे एका मोठ्या खोलीत सोफा, पलंग, जेवणाचं टेबल, नळ (पाणी येत नाही), शेगडी (चित्रातली) आणि खिडकीचा पडदा (मागे भिंत). या घरात रोज सकाळी कुटुंब भरतं. दाढीवाला इंजिनियर वडील होतो, चष्मेवाली इंजिनियर आई होते, आणि दोघं डब्याशी बोलतात. कधी दारात उभं राहून, कधी नळाखाली हात धरून, कधी तोंडात टूथब्रश घेऊन, कारण घरातली माणसं अशीच बोलतात. डब्याला सगळं कळायचं. अडचण कळण्याची नव्हतीच. मुख्य बाईंनी (या आमच्या वरिष्ठ, वय तिशीच्या आत, पण समोर उभं राहिलं की हात आपोआप खिशातून बाहेर येतात) तू गेल्यानंतरच्या सोमवारी मला बोलावून सांगितलं की डबा लोक हौसेनं घेऊन जातात, आठ दिवस त्याच्याशी बोलतात, आणि नवव्या दिवशी त्याचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्ज करतात. कारण तो फार गोड बोलतो. ‘नक्की’, ‘आनंदानं’, ‘अजून काही मदत करू का?’ घरात इतकं गोड कुणी बोलायला लागलं की माणूस धास्तावतो. तेव्हा, त्या म्हणाल्या, तुम्ही दोन हजार उत्तरं लिहा. घरातलं जाणतं माणूस जसं उत्तर देईल तशी.

आता मला सांग, अक्का, ‘घरातलं जाणतं माणूस’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू एकवीस. तेव्हापासून माझ्या घरातलं जाणतं माणूस एकच. मला मोठमोठे तक्ते दिले होते. डाव्या बाजूला लोक डब्याला काय म्हणतात ते छापलेलं, उजवीकडे उत्तरासाठी दोन ओळींची चौकट. पहिल्या दिवशी डोकं खाजवून मी अकरा उत्तरं लिहिली, आणि अकराही छापखान्यातल्या सूचनेसारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी घरून तुझ्या पत्रांच्या फायली घेऊन गेलो. (मी शिकायला बाहेर पडल्यापासूनची अडतीस वर्षांची पत्रं, सालवार लावलेली. तुला वाटतं मला काहीच जपून ठेवता येत नाही.) शिवाय त्या चौतीस चिठ्ठ्या. आणि मग सपाटा लावला.

आणि अक्का, इथेच माझी चूक झाली, जी एखाद्या लेखकाच्या हातून झालीच नसती. लेखकानं तुझी पत्रं वाचून आपल्या मनानं काहीतरी सौम्य, सर्वांना चालेल असं लिहिलं असतं. पण मी पडलो मुद्रितशोधक. मूळ प्रतीत जे आहे ते आणि तेवढंच, ही एकतीस वर्षांची शिस्त. मूळ प्रतीतलं वाक्य आवडलं नाही म्हणून बदलायचा मला अधिकार नाही. त्यामुळे डावीकडे ‘दिवा लाव’ असेल, तर उजवीकडे तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं आलं, ‘दिवसाउजेडी दिवा कशाला? आधी पडदा सरकव.’ डावीकडे ‘आज पाऊस पडेल का?’ तर उजवीकडे ‘पडो न पडो, छत्री घेऊन जा. मागची कुठे विसरलास?’ डावीकडे ‘मला कंटाळा आलाय’, यासाठी तर माझ्याकडे एकोणीस निरनिराळी उत्तरं निघाली, सगळी मी कॉलेजात असतानाची. फ्रिजवरची ‘उघडण्याआधी काय हवंय ते ठरवा’ ही चिठ्ठी मी सात ठिकाणी वापरली.

डब्याला ही उत्तरं खाऊ घातल्यावर पहिली चाचणी खोट्या घरात झाली. दाढीवाला, म्हणजे वडील, सोफ्यावर बसून दिवा लाव म्हणाला. डब्यानं त्याला पडदा सरकवायला सांगितलं. तो बिचारा उठला, पडदा सरकवला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मग डब्यानं दिवा लावला. (हे सांगायला हवं की डबा कामं सगळी करतो. नाही म्हणत नाही. पण बोलून करतो. म्हणजे तुझंच.) चष्मेवाली तोंडावर हात धरून बाहेर गेली. मला वाटलं नोकरी गेली. पण खरी गंमत पुढे झाली. मी दिलेली होती दोन हजार उत्तरं. डबा त्यातून उत्तरं कमी शिकला आणि सवय जास्त. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी न विचारलेल्या तीन गोष्टी विचारतेस, ही खोड त्यानं बरोबर उचलली, आणि आठवड्याभरात तो स्वतःच्या मनानं असं काही बोलायला लागला की मी फायली उलटून पाहिल्या, हे नक्की कुठल्या सालचं पत्र म्हणून. कुठल्याच सालचं नव्हतं. पण तू म्हणालीच असतीस.

मग नियमाप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्यानं एक डबा आपल्या घरी नेऊन ठेवायचा होता. मी तो दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवला आणि बायकोला आतली हकीकत सांगितली नाही, कारण मला निःपक्षपाती मत हवं होतं. (आणि हिंमत झाली नाही.) पहिल्या दुपारी तुझी भावजय जरा आडवी झाली आणि डब्याला म्हणाली, एखादं जुनं गाणं लाव. डबा म्हणाला, लावते, पण दोरीवरचे कपडे काढलेस का? ती उठली. कपडे काढले. घड्या घातल्या. परत येऊन डब्यासमोर उभी राहिली आणि ‘काढले हो’ असं अदबीनं सांगितलं. गाणं सुरू झालं, आणि मग ती अर्ध्या गाण्यात उठून माझ्याकडे आली. “आवाज कुणा पोरीचा आहे ते मला माहीत नाही,” ती म्हणाली, “पण हे बोलणं वन्संचं आहे. त्यांना विचारलंयत का तुम्ही?” मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं. तिनं तो माझ्या हातातून घेऊन सुलटा केला आणि परत दिला.

तुझ्या भाचीची तऱ्हा निराळी. तिनं डब्याला सकाळी आठला उठवायला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की आठला उठून नऊला पोचणार कशी, केस कधी विंचरणार, सातचा गजर लावते. आणि लावला. चार दिवस ती वेळेवर ऑफिसात पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून चौकशी केली. पाचव्या दिवशी तिनं डब्याला उशीखाली दाबलं. उशीतून आवाज आला, आवरलं का?

यानंतर डबे चाळीस अनोळखी घरांत पाठवले, आणि तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. (ज्यानं लिहिलं त्यानं निस्तरावं, असं मुख्य बाईंचं म्हणणं, आणि ते रास्त होतं.) पहिला फोन एका विमा कचेरीतल्या कारकुनाचा. एकटा राहतो. त्यानं तिसऱ्या दिवशीही बाहेरून जेवण मागवायला सांगितलं, तर डब्यानं विचारलं की दुपारी काय खाल्लंस. त्यानं सांगितलं. काल रात्री काय खाल्लंस? तेही सांगितलं. मग डबा नुसता ‘हं’ म्हणाला. त्या माणसाचं म्हणणं, बाकी काही बोलला असता तर चाललं असतं, पण ते ‘हं’ फार लागलं. मी म्हणालो, माफ करा, उद्याच माणूस पाठवून डबा परत नेतो. तो घाईघाईनं म्हणाला की न्यायची गरज नाही, मी फक्त कळवायला फोन केला, आणि पालेभाजी निवडायची कशी हे तुमच्यापैकी कुणाला येतं का?

दुसरे एक निवृत्त व्यायामशिक्षक. त्यांनी थंड पाण्यानं आंघोळ करण्याच्या प्रश्नावर डब्याशी पाऊण तास वाद घातला आणि हरले. ते मला सांगत होते की चाळीस वर्षांत माझ्यापुढे कुणी एवढा वेळ टिकलेलं नाही, पुढचा वाद कधी ठेवता येईल? एका घरातल्या नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि दोघांनीही आळीपाळीनं डब्याला साक्षीला ओढलं. भांडणाचं उत्तर काही मी लिहिलेलं नव्हतं. डब्यानं आपल्या मनानं सांगितलं, दोघं पाणी प्या आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसा, मी बोलावते. (हे तू नर्स होतीस तेव्हाचं, वॉर्डातलं. रुग्णाच्या नातेवाइकांना तू असंच बसवायचीस, हे तूच एका पत्रात लिहिलं आहेस.) ते खरोखर जाऊन बसले. तासाभरानं त्या बाईंचा मला फोन आला, की अजून बोलावलेलं नाही, तर आम्ही बाहेर यावं का? मी मुख्य बाईंना विचारून यायला सांगितलं.

महिनाअखेरीस हिशेब झाला, तेव्हा चाळीसपैकी अडतीस घरांतले डबे चालू होते. उरलेल्या दोघांपैकी एकाचा पाण्यात पडला होता, आणि एक आजोबा तो सोबत घेऊन गावाला गेले होते. गोड बोलणारे जुने डबे दुसऱ्या चाळीस घरांत होते, त्यातले सहा चालू होते. मुख्य बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर कधी कुणी बसत नाही, कारण ते हलतं. बसल्या बसल्या त्यांनी कागदाची घडी करून पायाखाली सरकवली आणि विचारलं की हे तुम्हाला सुचलं कुठून. मी म्हणालो, सुचलं नाही. पण पुढचं सांगायच्या आत त्यांना कुणी तरी बोलावलं, आणि मलाही ते बरंच वाटलं.

मग गेल्या सोमवारी वरच्या कचेरीतून तिघे जण डबा बघायला आले. सगळे खोट्या घरात जमलो. त्यातले जे मोठे साहेब होते ते सोफ्याकडे निघाले, बुटांचा टाकटाक आवाज झाला, आणि कुणी काही विचारण्याआधीच डबा म्हणाला, “बूट बाहेर काढून या. आत्ताच पुसलंय.” खोलीत जी शांतता पसरली ती मी छापखान्यात एकदाच अनुभवली होती, मुखपृष्ठावरच चूक राहून गेली होती तेव्हा. साहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग वाकून बूट काढले आणि दाराबाहेर नीट जोडीनं ठेवले. मोजे दोन रंगांचे होते. सोफ्यावर बसून त्यांनी बरंच काही विचारलं, डब्यानं बरंच काही सुनावलं, आणि शेवटी ते म्हणाले, बरं, निघू का आता? डबा म्हणाला, जेवून जा. त्या घरातली शेगडी चित्रातली आहे हे मी तुला सांगितलंच. पण साहेब लगेच उठले नाहीत. शेगडीकडे एकदा पाहून त्यांनी विचारलं, हे कोणी लिहिलं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा ‘मी’ एवढं म्हणालो असतो तर माझी बढती झाली असती, असं दाढीवाला अजून म्हणतो. पण नाव कुणाचं आणि मजकूर कुणाचा, यात मी एकतीस वर्षांत कधी घोळ होऊ दिलेला नाही. “माझ्या बहिणीनं लिहिलंय,” मी म्हणालो. “मी फक्त उतरवून घेतलं.” साहेबांनी विचारलं, त्यांना हे माहीत आहे का? मी पडद्याच्या चुण्या सारख्या करायला लागलो. तिथे एक वकीलबाई होत्या, त्यांनी तत्काळ वही उघडली. तात्पर्य असं की तुझी लेखी संमती लागणार. महिन्याच्या आत मिळाली नाही, तर सगळा मजकूर पुसून टाकायचा आणि डब्यानं पुन्हा ‘नक्की, आनंदानं’ म्हणायला लागायचं. अडतीस घरांतही. त्या कारकुनाला कसं सांगायचं हा माझ्यापुढे प्रश्न आहे, तो आता पालेभाजीवरून कडधान्यांवर आला आहे.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट राहते, ती लिहू की नको असं करत तीन दिवस पत्र अडलं होतं. गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी मला कणकण होती. घरात कुणी नव्हतं. मी सोफ्यावर पडून डब्याला म्हणालो, बरं वाटत नाहीये. तो अगदी बरोबर बोलला. ताप किती आहे, पाणी किती प्यायलास, पायांत मोजे घाल, उगाच मोबाइल बघत पडू नकोस. मी ताप मोजला तर एकशे दोन होता. मला उठायचा कंटाळा आला होता, म्हणून मी त्याला नव्याण्णव सांगितला. तो म्हणाला, मग काळजी नाही, झोप जरा. आणि गप्प झाला. अक्का, तुला मी ताप कधीच चोरू शकलो नाही. शाळेत असताना थर्मामीटर झटकून, पारा उतरवून दाखवला होता, तेव्हा तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस, माझ्या तोंडाकडे पाहिलंस. त्या दिवशी माझी थाप पचली आणि मला फार एकटं वाटलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं असं लिहू नये, पण वाटलं ते वाटलं. मग बायको आली, तिनं कपाळाला हात लावला आणि डब्याला बरंच बोलली.

असो. थोरांना नमस्कार, पोस्टमास्तरांना पाइप सांभाळायला सांगणे. तू प्रकृतीला जप, माझी कंबर बरी होईल, तिची चिंता करू नये (केलीस तर शेकायचं की चोळायचं, तेवढं कळव). लोभ आहेच, तो या चार महिन्यांत आटला नसेल अशी आशा करतो.

तुझा,
ठोंब्या

ता. क. संमतीचा कागद सोबत जोडला आहे. हेच ते काम. पेन्सिलीनं फुल्या केल्या आहेत त्या तीन ठिकाणी सही करून पाठव. वकीलबाईंची भाषा जड आहे, तेव्हा वाचत बसू नकोस. (तू वाचणार, आणि चुका काढणार. दुसऱ्या परिच्छेदातली मलाही दिसली आहे, ती सोडून दे.)

ता. क. २. तुझ्या भावजयीनं हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, तीन सह्या मागायला कुणी अकरा पानं लिहीत नाही. तिनं असंही लिहायला सांगितलं आहे की तुझ्या चौतीसही चिठ्ठ्या अजून जागच्या जागी आहेत, मी ऑफिसात नेल्या त्या छायाप्रती होत्या, आणि नळावरची ओली होऊन पुसली गेली तेव्हा मी ती स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून लावली. हे तिला कसं कळलं माहीत नाही. अक्षर तुझ्यासारखं काढलं होतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी खरं सांगून टाकतो. संमतीसाठी वकीलबाई तुला स्वतः फोन करणारच आहेत, त्यासाठी माझ्या पत्राची गरज नव्हती. आणि दोन हजार उत्तरं दिली असं मी सगळीकडे सांगतो, तेही खोटं आहे. एक हजार नऊशे नव्याण्णव दिली. तक्त्यातली एक ओळ कोरी आहे, आणि मुख्य बाई रोज तिच्याबद्दल विचारतात. डावीकडे छापलं आहे, ‘माझं चुकलं.’ लोक डब्याला असंही म्हणतात म्हणे. यावर तू काय म्हणतेस ते शोधायला मी अडतीस वर्षांच्या फायली दोनदा चाळल्या. कुठेही सापडलं नाही. सापडणार कसं, मी तुला तसं कधी म्हटलेलंच नाही, ना पत्रात ना तोंडी. मनानं चार वेळा लिहून पाहिलं आणि खोडलं, तुझं वाटेना. तेव्हा आता रीतसर म्हणतो. अक्का, त्या बुधवारी माझं चुकलं. यावर काय ते लिहून पाठव. तक्त्याचा तो कागद सोबत आहे. चौकट दोनच ओळींची आहे, तुला पुरणार नाही हे मला माहीत आहे. मागची बाजू पूर्ण कोरी आहे.